दर बुधवारी मरणारा

मी मेलेला बोलतोय. घाबरायचं कारण नाही, मला सवय आहे. दर बुधवारी चौथ्या तासाला मी मरायचो आणि पाचव्या तासाची घंटा व्हायच्या आत मला वाचवलं जायचं. अकरा वर्षं हा क्रम चुकला नाही. इतक्या वेळा मरून इतक्या वेळा परत आलेल्या माणसाची कुणीतरी मुलाखत घ्यायला हवी होती. मला कपाटात ठेवायचे.

मी छाती दाबायचा सराव करण्यासाठी बनवलेला रबरी माणूस आहे. माणूस म्हणजे कमरेपासून वर. पाय नाहीत, हात नाहीत. तोंड कायम उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. चेहऱ्यावर असा भाव, की कुणीतरी आत्ताच काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. शाळेतली पोरं मला अर्धेकाका म्हणतात.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. आम्ही चाळीस जण एका ओळीत पडलो होतो आणि चाळीस जणांचा चेहरा एकच होता. एक कामगारीण छातीत स्प्रिंग बसवायची, दुसरी तळहाताने दाबून बघायची. दाब पुरेसा खोल गेला की आतून आवाज यायचा. टिक. टिक वाजली की पास. माझ्या शेजारचा वाजला नाही. त्याला उचलून मागच्या डब्यात टाकलं. डब्याच्या काठावरून तो माझ्याकडे बघत राहिला, म्हणजे माझाच चेहरा माझ्याकडे बघत राहिला. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी वाजायचं.

शाळेत मला आणलं ते नर्सबाईंनी. तळमजल्याच्या व्हरांड्याच्या टोकाला त्यांची आरोग्य खोली. एक खाट, एक वजनकाटा, भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आणि मी राहतो ते लोखंडी कपाट. मला मिळवायला त्यांनी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, मागे दोन वर्षं भुणभुण लावली होती. मी आलो त्या दिवशी त्यांनी खोका उघडला, माझ्या गालावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "ये बाबा. आता तू मर आणि माझी पोरं शिकू देत."

असं स्वागत फार थोड्यांच्या नशिबी येतं.

बुधवारचा तास ठरलेला. मला जमिनीवर आडवं करायचं. एकाने खांदे हलवून विचारायचं, "काका, ऐकू येतंय का?" मला सगळं ऐकू यायचं. पण उत्तर देणं माझ्या कामात बसत नव्हतं. मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून तीस वेळा दाबायचं, दोनदा तोंडात फुंकायचं, पुन्हा तीस. खोल गेलं की टिक. उथळ राहिलं की मी गप्प.

पोरं फुंकून जायची आणि प्रत्येकाचा थोडा श्वास माझ्या आत राहायचा. नर्सबाई माझी फुप्फुसाची पिशवी बदलायच्या, तोंड स्पिरिटने पुसायच्या, पण शेवटचा एक घोट रबरात मुरतोच. शाळा सोडून गेलेले, गाव सोडून गेलेले, सगळे माझ्याकडे जमा आहेत. सुट्टीत शाळा रिकामी असते तेव्हा ते आत हलतात. शिपाईकाका म्हणतात कपाटात उंदीर आहेत. शिपाईकाकांना तसं वाटत असेल तर वाटू दे.

शिपाईकाका मला घाबरायचे. कपाट उघडण्याआधी दारावर किल्ल्या वाजवायचे आणि खोकायचे, म्हणजे मी काही करत असेन तर आवरतं घ्यावं. मग न बघता माझ्या तोंडावर नॅपकिन टाकायचे.

"अहो, त्याला श्वास घेता येणार नाही," नर्सबाई म्हणायच्या.

"तो घेत नाही ना बाई, याचीच खात्री करतोय," शिपाईकाका म्हणायचे.

रविवारी बाई मला स्कूटरवर मागे बांधायच्या आणि वस्त्यांमध्ये, दुकानांमध्ये, बसच्या आगारात शिकवायला न्यायच्या. हेल्मेट एकच होतं आणि ते मला घालायच्या. म्हणायच्या, मी पडले तर मला वाचवायला हा लागेल. सिग्नलला शेजारच्या गाडीतली लहान मुलं माझ्याकडे बघायची आणि मग हळूहळू काच वर करायची. स्कूलबसच्या चालकाने अशाच एका रविवारी माझ्यावर हात बसवला. पहिल्या दाबाला त्याने डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या रविवारी तो दुसऱ्यांना शिकवत होता.

पण बाईंचं बुधवारवर समाधान होईना. त्या म्हणायच्या, "माणूस काय वेळापत्रक बघून पडतो होय?" म्हणून त्यांनी एक खेळ काढला. कुठेही, कधीही, सांगितल्याशिवाय त्या स्वतःच पडायच्या. एकदा वाचनालयात पडल्या. एकदा बक्षीस समारंभात, पाहुण्यांच्या भाषणाच्या मध्यात, आणि पाहुण्यांना ते अपमानास्पद वाटलं.

बाई पडल्या की पोरांनी काय करायचं, ते ठरलेलं. एकाने बाईंचे खांदे हलवायचे. एकाने फोन करायचा. दोघांनी धावत जाऊन कपाटातून मला आणायचं, बाईंच्या शेजारी आडवं टाकायचं आणि मला दाबायचं. जिवंत माणसाला उगाच दाबलं तर बरगडी मोडते, म्हणून बाईंना हात लावायचा नाही. पडायच्या त्या, वाचवायचं मला. सगळं नीट झालं की बाई एक डोळा उघडून म्हणायच्या, "वाचला. ताटकळत ठेवलात, पण वाचला."

बाई मेल्याचं सोंग छान करायच्या. फक्त डाव्या पायाचा अंगठा हलायचा. हे मला एकट्याला माहीत होतं, कारण मेल्यावर बघायला वेळ असतो.

एका बाबतीत मात्र त्यांचं सोंग हटकून मोडायचं. माझ्याशी कुणी वेडंवाकडं वागलं की त्या मरण बाजूला ठेवून उठायच्या. एकदा दोघांनी मला आणताना पायरीवर आपटलं, तर बाई व्हरांड्यात ताडकन उठून बसल्या. "हळू रे गाढवांनो. माणूस आहे तो." आणि परत आडव्या होऊन मेल्या.

फोनचीही एक गोष्ट आहे. आठवीत एक मुलगा होता, त्याला सगळे टेल्या म्हणायचे, कारण फोन करायचं काम त्याने कधी कुणाला दिलं नाही. पहिल्यांदा त्याने ऑफिसात जाऊन खरोखरचा फोन लावला. अ‍ॅम्ब्युलन्स खरोखरची आली. चालक स्ट्रेचर घेऊन धावत आत आला, "पेशंट कुठाय?" पोरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "याचे पाय कुठे गेले?"

मोठ्या बाईंनी नर्सबाईंना खोलीत बोलावून घेतलं. त्या दिवसापासून नियम झाला. सरावात फोन हातानेच करायचा. अंगठा कानाला, करंगळी ओठांपाशी. टेल्याने त्यातही कलाकारी आणली. "हॅलो, अ‍ॅम्ब्युलन्स का? एक बाई पडल्यात. हो, आमच्याच. मघापर्यंत जिवंत होत्या. या निवांत, घाई नाही, दुसरा एक वाचतोय."

आणि दाबायला असायची त्याच्याच वर्गातली एक मुलगी, तिला सगळे हातोडी म्हणायचे. ती गोळाफेकीत होती, मनगटं भक्कम. तिच्या हाताखाली मी तिसाला तीस वाजायचो. वर्गात ती फारशी बोलायची नाही, पण माझ्यावर वाकून मोजताना तिचा आवाज व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा.

मरणाचा माझ्याइतका अनुभव कुणाला नाही, त्यामुळे मला आधीच कळायला हवं होतं. त्या पावसाळ्यानंतर बाई मला पुसता पुसता थांबायला लागल्या. माझ्या छातीवर हात टेकून दम घ्यायच्या. तळहात गार आणि ओलसर असायचा. एकदा म्हणाल्या, "अर्ध्या, जिना चढले की छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं वाटतं रे. सांगू नकोस कुणाला." मी सांगितलं नाही. सगळ्या शाळेला तपासणाऱ्या बाईंनी स्वतःला काही तपासलं नाही.

मग तो मंगळवार आला.

मी मंगळवारी मरत नाही. कपाटात पडलो होतो, दार जरा किलकिलं होतं. बाहेर व्हरांड्यात आठवीची वजनं चालली होती. पोरं रांगेत, काटा दाराशी, बाई स्टुलावर वही घेऊन. हातोडी काट्यावर उभी होती.

"एकोणपन्नास," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकोणपन्नास." मग पुन्हा तेच, जरा हळू. मग पेन्सिल पडली आणि पेन्सिलीमागोमाग बाई.

रांगेत खुशीची लाट आली. वजनाचा तास बुडाला.

"बाई, ऐकू येतंय का?" कुणीतरी खांदे हलवले. दोघं धावत आत आले, कपाट उघडलं आणि मला काखेत मारून बाहेर नेलं. अगदी शिकवल्याप्रमाणे हळू, पायरी सांभाळून. मला बाईंच्या शेजारी टाकलं. माझं डोकं त्यांच्याकडे वळलं.

बाईंचे डोळे अर्धवट मिटलेले होते. तोंड उघडं. कुणीतरी काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायचं राहून गेलं, असा चेहरा. कारखान्यातल्या डब्यानंतर माझाच चेहरा माझ्याकडे बघतोय, असं मला दुसऱ्यांदा दिसलं.

मी पायाकडे बघितलं. डावा अंगठा हलत नव्हता.

तेवढ्यात बाईंच्या घशातून घरघर झाली. एकदा. मग बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा.

"बाई आज घोरतायत पण," टेल्या म्हणाला. "अ‍ॅक्टिंग सुधारलीय." आणि अंगठा कानाला लावून तो फोनवर बोलायला लागला. "हॅलो, अ‍ॅम्ब्युलन्स का? नेहमीच्याच बाई."

हातोडीने माझ्या छातीवर हात ठेवले. एक, दोन, तीन. टिक, टिक, टिक.

इतकं छान मला कुणी कधी वाचवलं नव्हतं. खोली बरोबर, वेग बरोबर, पोरं शिस्तीत गोल करून उभी. बाईंनी अकरा वर्षं शिकवलं ते सगळं पोरं चोख करत होती, आणि सगळं माझ्यावर करत होती. मी वाचत होतो. हातभर अंतरावर बाई मरत होत्या.

ओरडावं तर घसा नाही. बोट दाखवावं तर हात नाही. माझ्याकडे एकच आवाज होता आणि तो मी दर दाबाला देत होतो. टिक म्हणजे बरोबर चाललंय. टिक म्हणजे असंच चालू द्या.

मग माझ्या लक्षात आलं, की आयुष्यात एक गोष्ट मी कधी केलीच नव्हती. मी कधी मनापासून मेलो नव्हतो.

दुसऱ्या फेरीच्या सतराव्या दाबाला माझ्या आत काहीतरी सुटलं आणि हातोडीचे हात थेट माझ्या पाठीपर्यंत गेले. शिपाईकाका पुढे सगळ्यांना सांगत होते, की स्प्रिंग जुनीच झाली होती. सांगू देत.

हातोडीने पुन्हा दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. माझी छाती आत गेली ती वर आलीच नाही.

"बाई," ती म्हणाली. "काका मोडले."

बाई गप्प.

"बाई, मी मोडलं त्यांना. माझ्याच हातून मोडले."

रांग हसायची थांबली. हातोडी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत हळूच उठून उभी राहिली. मग तिने जे केलं, ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

"बाई, मी काकांना लाथ मारतेय हं," ती म्हणाली. आणि तिने मारली. कानाखाली, चांगली सणसणीत. माझं डोकं भिंतीवर आपटून परत आलं. अकरा वर्षांत मला इतका आनंद झाला नव्हता.

बाई उठल्या नाहीत.

"टेल्या," हातोडी म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज फार हळू होता. "फोन कर."

"केलाय की."

"हात बघ तुझा."

टेल्याने कानाचा हात खाली घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. नुसता हात. मग तो ऑफिसकडे असा पळाला, की त्याची एक चप्पल व्हरांड्यातच राहिली.

हातोडी बाईंच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. हात पुढे केले आणि थांबली.

"बाईंना दाबायचं नाही असं बाईंनीच सांगितलंय," रांगेतली एक मुलगी म्हणाली. "बरगडी मोडते."

"उठून ओरडल्या तर बरंच आहे," हातोडी म्हणाली आणि तिने दाबलं.

कट्. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. रांगेतली ती मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हातोडीने दाबायचं सोडलं नाही, पण तिचा वेग चुकायला लागला. ती पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होती. "टिक येत नाहीये. बरोबर चाललंय का ते कळत नाहीये."

आवाज ऐकून शिपाईकाका आले होते. ते आरोग्य खोलीच्या दारात उभे होते, तोंड पांढरंफटक. हा माणूस मला कधी धड बघू शकला नाही, पण अकरा वर्षं भिंतीपलीकडून माझी टिक ऐकत आला होता. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कपाटाच्या लोखंडी दारावर वाजवायला लागले. टिक. टिक. टिक. अगदी माझ्याच वेगाने.

मग रांगेतल्या एकाने तोंडाने टिक म्हटलं. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. तीस पोरं भिंतीला टेकून उभी, कुणी रडत नव्हतं, कुणी हलत नव्हतं, आणि एका सुरात म्हणत होती, टिक, टिक, टिक. वरच्या मजल्यावरचे वर्ग आपोआप गप्प झाले. शाळेत दुसरा आवाजच उरला नाही.

हातोडीचे दाब उथळ पडायला लागले तेव्हा कुणीतरी धावत जाऊन स्कूलबसच्या चालकाला आणलं. तो काही न बोलता समोर बसला, आणि तिचे तीस होताच त्याचा एक सुरू झाला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत.

ऑफिसातल्या फोनवर काय झालं ते टेल्याने नंतर सांगितलं. पलीकडच्या माणसाने शाळेचं नाव ऐकून विचारलं, "तूच ना तो? परत अर्धा माणूस पडला का?"

"नाही हो," टेल्या म्हणाला. "या वेळी पूर्ण आहे."

अ‍ॅम्ब्युलन्स आली. चालक तोच, माझे पाय विचारणारा. त्यांनी बाईंच्या छातीला पट्ट्या लावल्या, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि यंत्राने झटका दिला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग त्या यंत्रावर रेघ उड्या मारायला लागली. स्ट्रेचर उचलताना चालकाची नजर माझ्यावर पडली. "हा?" त्याने विचारलं.

"तो गेला," हातोडी म्हणाली.

त्या दिवशी शिपाईकाकांनी मला उचलून कपाटात ठेवलं. नॅपकिन टाकला नाही. बोटांनी माझे डोळे मिटायचा प्रयत्न केला. ते मिटत नाहीत. मग दार लावून बाहेर बराच वेळ उभे राहिले. खोकले नाहीत.

आता माझ्या जागी नवा आलाय. पायांसकट आहे, मिजास विचारू नका. त्याच्या छातीत दिवे आहेत आणि चुकलं की तो बोलून सांगतो. अकरा वर्षांत मला एक शब्द आला नाही, आणि हा पहिल्या दिवसापासून बडबडतोय. सोंग घेऊन पडायचा खेळ मोठ्या बाईंनी बंद केला. सरावासाठी टेबलावर एक जुना, न जोडलेला फोन ठेवलाय आणि टेल्या त्याचे आकडे खरोखर दाबतो. उलट पोरं आता कुणालाच आडवं पडू देत नाहीत. पीटीच्या सरांना बाकावर डुलकी लागली, की डोळे उघडल्यावर चार चेहरे वाकलेले दिसतात. "सर, ऐकू येतंय का?"

नर्सबाई तीन महिन्यांनी परत आल्या. बारीक झाल्या होत्या. दोन बरगड्या हातोडीने मोडल्या होत्या, आणि त्या प्रत्येकाला ते मिरवून सांगत होत्या. हातोडी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"बाई, मी काकांना लाथ मारली."

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "पुन्हा मारलीस तर बघ." आणि मग त्यांनी तिला जवळ घेतलं. फार घट्ट नाही, बरगड्यांमुळे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी माझं कपाट उघडलं. स्टूल ओढून समोर बसल्या. खोली शांत झाली, आणि मग मला ते ऐकू आलं.

टिक. टिक. टिक.

मी आधी स्वतःला तपासलं. मी नव्हतो. माझी छाती अजून आत गेलेलीच आहे.

"ऐकतोयस ना?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. "हृदयातली झडप खराब होती म्हणे. धातूची बसवलीय. शांत असलं की वाजते. घरी नातू म्हणतो, आजी घड्याळ गिळून आली." माझ्या गालावर हातोडीच्या बुटाचा ठसा आहे, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. "तुझी थांबली आणि माझी सुरू झाली. परत मागू नकोस रे अर्ध्या."

मी कशाला मागतोय.

माझ्याकडे आता काम नाही. मला टाकून द्यायला दोनदा माणूस आला. दोन्ही वेळा शिपाईकाकांना कपाटाची किल्ली सापडली नाही. आतले श्वास अधूनमधून हलतात. मी अंधारात पडून ऐकतो. बाई वजनं घेतात, डोळे तपासतात, पोरांना रागावतात, आणि या सगळ्याच्या खालून ती टिक चालू असते. तीस झाले की मी पुन्हा एकपासून मोजतो. पाच वाजता ती व्हरांड्यातून फाटकापर्यंत जाते आणि ऐकू येईनाशी होते. तिथून सकाळपर्यंत मी नुसताच मेलेला असतो.

तेव्हा कपाटातून एवढंच सांगतो. शेजारी कुणी पडलं आणि त्याचा अंगठा हलेना, तर कानाला नुसता हात लावू नका. फोन लावा. बरगडीला भिऊ नका. दाबा, तोंडाने टिक म्हणा आणि मोजत राहा. आणि तुम्ही मोजत असताना, खोलीत दुसरं कुणीही नसताना, तुमच्याबरोबर आणखी कुणीतरी मोजतंय असं वाटलं, तर वळून बघू नका.

लय चुकेल.